पोर्तुगाल, ११ दिवस, सासू-सासरे आणि एक दहा वर्षांची कार्टी: काय बघू, काय सोडू?

गोडलिंब:
मंडळी, जूनमध्ये पोर्तुगालला जायचं एकदाचं ठरलं. व्हिसाची अपॉइंटमेंट मिळालीये, त्यामुळे आता माघार नाही. आम्ही पाच जण. मी, नवरा, लेक (वय १०, दर दीड तासाला भूक लागते), सासूबाई (६९, गुडघे कुरकुरतात, अंडंसुद्धा खात नाहीत) आणि सासरे (७४, रेल्वेतून रिटायर, गुडघे ठणठणीत आणि तोंडही). ४ जूनला पोचायचं आणि १५ ला निघायचं, १६ ला लेकीची शाळा उघडते, पहिला दिवस बुडणार हे तिला आत्ताच पाठ आहे.
नवऱ्याने रंगीबेरंगी एक्सेल शीट केलंय: लिस्बन २, सिंत्रा १, अल्गार्व्ह २, तिथून सेव्हिल १, माद्रिद २, परत पोर्तो २, उरलेला प्रवास. मला ते बघूनच दम लागला म्हणून इथे विचारतेय. कोणी ज्येष्ठांना घेऊन गेलंय का? आणि शाकाहाराचं काय? थालीपीठाची भाजणी किती किलो नेऊ असा सरळ प्रश्न आहे.

पेठी_पुणेरी:
एवढ्या पैशात अख्खं कोकण तीनदा होईल आणि मासे ताजे मिळतील ते वेगळंच.

गोडलिंब:
काका, आम्ही शाकाहारी आहोत, वर वाचलं नाहीत. आणि कोकण झालंय तीनदा.

काजूबोंडू:
अगो ताई, ते एक्सेल शीट आधी डिलीट कर. मी मूळ फोंड्याचा, गेली आठ वर्षं लिस्बनमध्ये आहे, दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी असं शीट घेऊन माझ्या दारात उभं राहतं आणि पाचव्या दिवशी कोणाचं कोणाशी बोलणं नसतं. अकरा दिवसांत दोन देश आणि सहा हॉटेलं, सोबत दुखरे गुडघे, म्हणजे तुम्ही फक्त बॅगा ओढणार. माद्रिद आणि सेव्हिल काढून टाक, स्पेन कुठे पळून जात नाही.
माझं ऐकशील तर विमान पोर्तोला उतरणारं घे आणि परतीचं लिस्बनवरून. दोनच मुक्काम ठेव, पोर्तोला चार रात्री आणि लिस्बनला सात, बाकी सगळं तिथून सकाळी जाऊन संध्याकाळी परत. पोर्तो ते लिस्बन फास्ट ट्रेनने तीन तासांच्या आसपास लागतात, लवकर बुक केलं तर तिकीट बरंच स्वस्त पडतं. संप मात्र बघून ठेव, इथे रेल्वेचे संप अधूनमधून होतात आणि ते आधी जाहीर करतात, 'ग्रेव्ह' हा शब्द पाठ कर.
दोन्हीकडे किचनवाला फ्लॅट घे आणि बुक करताना लिफ्ट आहे ना हे लेखी विचार. जुन्या बिल्डिंगा, चौथ्या मजल्यावर घर आणि गोल लाकडी जिना, फोटोत जिना कोणी दाखवत नाही. लिस्बनला दर रात्री माणशी ४ युरो टुरिस्ट टॅक्स वेगळा द्यावा लागतो, १३ वर्षांखालच्यांना माफ, म्हणजे तुमची कार्टी फुकट.

शेवगा:
भाजणी दोन किलो ने, विनोद नाही करत.
मी आणि बायको दोघं शाकाहारी, बारा दिवस राहिलो, वजन वाढवून आलो, पण चार गोष्टी आधी कळल्या असत्या तर पहिले दोन दिवस नुसत्या ब्रेडवर काढावे लागले नसते. एक म्हणजे सूप. प्रत्येक साध्या खानावळीत दिवसाचं सूप असतं आणि ते स्वस्त असतं. काल्दु व्हेर्द म्हणजे बटाट्याच्या दाट पाण्यात बारीक चिरलेली कोबीच्या जातीची हिरवी पानं, चव अगदी घरची, पण वर सॉसेजची चकती तरंगत असते आणि कधीकधी ती आतच उकळलेली असते, म्हणून नुसतं "सें शोरिसु" (सॉसेज नको) म्हणून भागत नाही, आधी विचारायचं. साधं भाज्यांचं सूप जास्त भरवशाचं.
दुसरं म्हणजे तुम्ही बसल्या बसल्या न मागता टेबलावर ब्रेड, ऑलिव्ह, चीज, कधी माशाची पेस्ट आणून ठेवतात. ते पाहुणचार नाही! खाल्लं की बिलात लागतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवायचं, कोणी वाईट वाटून घेत नाही. आम्ही पहिल्या दिवशी "किती प्रेमळ लोक" म्हणत सगळं फस्त केलं आणि मग बिल बघून एकमेकांकडे बघत बसलो.
गोडाचं मात्र सासूबाईंसाठी वाईट बातमी आहे. पोर्तुगालचं बहुतेक पारंपरिक गोड अंड्याच्या बलकाचं. म्हणे मठांत कपड्यांना खळ करायला अंड्याचा पांढरा भाग वापरायचे आणि मग पिवळ्याचं करायचं काय, म्हणून मिठाया. ते जगप्रसिद्ध नाता टार्टसुद्धा त्यातलंच. त्यांना जूनमध्ये चेरी खाऊ घाला, तेव्हा सीझन ऐन भरात असतो, आणि उत्तरेकडे ब्रोआ नावाचा मक्याचा जाड पाव मिळतो, तो आपल्या भाकरीचा लांबचा मामा. त्रेमोसुश म्हणून खारवलेल्या पिवळ्या बिया मिळतात, साल काढून तोंडात टाकायच्या, सासरे बिअरबरोबर खातील (घेत असतील तर).

गोडलिंब:
घेतात. सासूबाईंना माहीत नाही असं त्यांना वाटतं.
काजूबोंडू, तुमचं पटलं. नवऱ्याला पटायला दोन दिवस लागले, शीटमधला माद्रिदचा कॉलम डिलीट करताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. पण दक्षिणेचा अल्गार्व्ह किनारा सोडवत नाहीये, ते सोनेरी कडे आणि गुहा!

घाटमाथा:
सोडू नका!! माझ्या मते पोर्तुगाल म्हणजे अल्गार्व्हच, बाकी चर्च आणि फरशा सगळीकडे बघायला मिळतात. आम्ही चौघे मित्र गाडी भाड्याने घेऊन फिरलो, मरिन्या बीचपासून सात लटकत्या दऱ्यांचा ट्रेल केला, साधारण सहा किलोमीटर, एका बाजूला पिवळ्या-केशरी चुनखडीचे तुटलेले कडे आणि खाली निळंशार पाणी, सह्याद्रीत कोकणकड्यावर उभं राहिल्यावर पोटात जसा गोळा येतो तसाच इथे येतो फक्त खाली दरीऐवजी समुद्र. बेनाजिलची छताला भोक असलेली गुहा फेमस आहे पण २०२४ पासून नियम कडक झालेत, पोहत आत जायचं नाही, आतल्या वाळूवर उतरायचं नाही, बोटीतून किंवा गाईडबरोबर कयाकमधून बघायची. इन्स्टावर वाळूत बसलेले जे फोटो दिसतात ते जुने.
सगरेशला पण जा, युरोपचं नैऋत्य टोक, वारा एवढा की टोपी मोरोक्कोत जाते.

काजूबोंडू:
घाटमाथा, तुम्ही चौघे मित्र आणि गाडी. हिच्याबरोबर सासूबाई आणि ट्रेन. लिस्बनवरून अल्गार्व्हमधल्या लागुशला ट्रेनने जायचं तर मध्ये गाडी बदलून चार तासांच्या आसपास, मग स्टेशनवरून कड्यापर्यंत परत बस, मग पायऱ्या. जून असला तरी अटलांटिकचं पाणी गार असतं बाबा, गोव्याच्या समुद्राची सवय असलेल्या माणसाने पाय घातला की किंचाळतो, मी अजून किंचाळतो. मुलीला समुद्रच हवा असेल तर लिस्बनमधून कश्कायशची लोकल पकडायची, चाळीस मिनिटं, सगळा रस्ता नदीच्या आणि समुद्राच्या कडेने.

घाटमाथा:
बरं. पण मग पुढच्या वेळी सासूबाईंना ठेवून या. (गंमत हं)

गोडलिंब:
त्या हा धागा वाचतायत. गंमत नाही.

वसईकर_बुरुज:
इतिहासात रस आहे का घरात कोणाला? असेल तर लिस्बनमध्ये साओ व्हिसेंत द फोरा नावाचा मठ आहे तिथे नक्की जा, टुरिस्ट गर्दी कमी असते. तिथे ब्रागांझा राजघराण्याची दफनभूमी आहे आणि त्यात कॅथरीन ऑफ ब्रागांझा आहे, म्हणजे तीच, जिच्या इंग्लंडच्या चार्ल्स दुसऱ्याशी लग्नात १६६१ च्या कराराने मुंबई आंदण दिली गेली. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली आणि तिथेच गेली. मी वसईचा, आमच्या किल्ल्यात लहानपणी क्रिकेट खेळायचो, चिमाजी अप्पांनी १७३९ साली तो घेतला हे शाळेत घोकलेलं, आणि तिथे त्या दगडी पेटीसमोर उभा राहिलो तर डोक्यात काय आलं, तर चर्चगेट फास्ट. जिच्यापायी आपण रोज लोकलला लटकतो ती बाई इथे निवांत झोपलीय.
मुलीसाठी: त्याच मठात वरच्या मजल्यावर निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर ला फॉन्तेनच्या प्राणीकथा रंगवलेल्या आहेत, कोल्हा-करकोचा वगैरे, एकेक ओळखायला लावा, तासभर गप्प बसेल.
आणि बेलेमच्या टॉवरवर एका बुरुजाच्या तळाशी गेंड्याचं डोकं कोरलंय ते शोधायला सांगा. तो गेंडा आपल्याकडचा! गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला दिला, त्याने गोव्याहून जहाजात घातला आणि मे १५१५ मध्ये तो लिस्बनला उतरला, युरोपात कित्येक शतकांत कोणी गेंडा पाहिला नव्हता. जर्मन चित्रकार ड्यूररने प्रत्यक्ष न बघता, नुसत्या वर्णनावरून त्याचं प्रसिद्ध चित्र केलं. राजाने मग तो पोपला भेट म्हणून पाठवला तर वाटेत जहाज बुडालं. बिचारा.

चष्मिष्ट:
सगळं छान चाललंय पण मला एक कळत नाही, गोव्यात १५६० ते १८१२ इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) चालवणाऱ्यांच्या देशात जाऊन आपण टॉवर आणि टार्ट बघायचे? जेरोनिमोस मठात वास्को द गामाचं थडगं आहे, तिथे आपले लोक सेल्फी काढतात. मला नाही जमणार.

वसईकर_बुरुज:
चष्मिष्ट, राग समजू शकतो, पण मग लंडनलाही जाऊ नका. बघायचं कशासाठी हा प्रश्न आहे. लिस्बनच्या मध्यवर्ती रोसियू चौकाला लागून साओ दोमिंगुश चर्च आहे, त्याच्या समोर १५०६ मध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक त्यांनी स्वतः उभारलंय. ते चर्च १९५९ ला आतून जळालं, आणि नंतर सुरू केलं तेव्हा जळक्या, तडकलेल्या खांबांना हातच लावला नाही. आत गेल्यावर बोलायची इच्छा होत नाही. फुकट आहे, आणि मला वाटतं जेरोनिमोसपेक्षा जास्त लक्षात राहतं.

चष्मिष्ट:
हे माहीत नव्हतं. पण मुद्दा तोच राहतो, त्यांचा इतिहास ते बघतील, आपल्या माणसांचं तिथे काय?

काजूबोंडू:
आपल्या माणसांचं आहे. मी हे आधी लिहिणार होतो पण सुट्टीच्या धाग्यावर नको म्हणून थांबलो.
लिस्बनच्या वर समुद्राकाठी पेनिश नावाचं कोळ्यांचं गाव आहे, बसने दीडेक तास. तिथे समुद्रात घुसलेला किल्ला आहे, हुकूमशहा सालाझारच्या काळात तो राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. गोव्याचे त्रिस्तांव द ब्रागांसा कुन्हा, ज्यांना गोव्यात राष्ट्रवादाचे जनक म्हणतात, त्यांना इथे आणून कोंडलं होतं. हुकूमशाही उलथवणाऱ्या १९७४ च्या क्रांतीनंतर तो तुरुंग बंद झाला आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये, क्रांतीला पन्नास वर्षं झाली तेव्हा, तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय म्युझियम सुरू झालं. १९६० साली कम्युनिस्ट नेते कुन्याल आणि त्यांचे सोबती तिथून पळाले, ती जागाही बघता येते, भिंत बघून विश्वास बसत नाही.
आणि मोहन रानडे. ते तर सांगलीचे. १९५५ मध्ये गोव्यात जखमी अवस्थेत पकडले गेले, मग पोर्तुगालला आणले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा सुटला पण रानडे नाही सुटले, ते लिस्बनजवळ काशियाशच्या किल्ल्यात १९६९ च्या जानेवारीपर्यंत. म्हणजे ज्या गोव्यासाठी ते आत गेले तो मोकळा होऊन सात वर्षं झाली तरी हा माणूस इथे आत. मी वर कश्कायशची लोकल सांगितली ना, त्या लाइनवर काशियाश हे स्टेशन लागतं. लोक समुद्राचे फोटो काढत असतात. मी दर वेळी उजवीकडे डोंगराच्या बाजूला बघतो.

चष्मिष्ट:
...
शब्द मागे घेत नाही पण धाग्याची वाचनखूण साठवली.

पेठी_पुणेरी:
काजूबोंडू, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. रानड्यांचं व्याख्यान तरुणपणी ऐकलंय. कोकणाचा मुद्दा मागे.

गोडलिंब:
बाबांना (सासरे) वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी स्वतः नवऱ्याच्या शीटमध्ये पेनिशची ओळ टाकली, स्पेलिंग चुकीचं. त्यामुळे पेनिश फिक्स!
आता सिंत्राचं सांगा, गुडघ्यांचं काय करायचं तिथे? आणि लिस्बन तर म्हणे सात टेकड्यांवर आहे.

काजूबोंडू:
सात कमी सांगतात.
लिस्बनचं एक गुपित म्हणजे लिफ्ट. सांता जुस्ताच्या १९०२ च्या लोखंडी लिफ्टला सगळे तासभर रांग लावतात, तुम्ही वरून कार्मोच्या बाजूने चालत जा, तोच पूल आणि तोच व्ह्यू. किल्ल्याकडे जायला बाइशामधल्या फान्केइरुश रस्त्यावर एका इमारतीत साधी फुकट लिफ्ट आहे, ती वरच्या गल्लीत सोडते, तिथून थोडं चाललं की दुसरी. २८ नंबरची ट्राम करायचीच असेल तर सकाळी आठच्या आत आणि शेवटच्या स्टॉपवरून, म्हणजे बसायला मिळेल, आणि पाकीट पुढच्या खिशात. त्या ट्राममध्ये सगळ्यात कामसू माणसं खिसेकापू. डोंगरावरच्या केबल गाड्यांवर प्लॅन बांधू नका, त्या अधूनमधून बंद असतात.
फुटपाथ म्हणजे पांढऱ्या-काळ्या चुनखडीचे छोटे दगड, दिसायला सुंदर, चालायला साबण. रबरी सोलचे बूट, सासूबाईंना चपला नकोतच.
सिंत्राला पेनाचा पिवळा-लाल राजवाडा फोटोत छान दिसतो, पण आत वेळेचं तिकीट, रांग, चढ आणि गर्दी. रेगालेइरा वाड्याच्या बागेतली ती उलटी विहीर, २७ मीटर खोल गोल जिना, मुलीला भारी आवडेल, सासूबाईंना वरच बसवा. मी असतो तर पेना बाहेरून बघून सरळ मोन्सेरातला गेलो असतो, पार्क मोठा, गर्दी नावाला, आणि राजवाड्याची जाळीदार कमानदार नक्षी बघून वाटेल की कोणी लखनौचा कारागीर पळवून आणलाय. सोमवारी जेरोनिमोस आणि बरीचशी सरकारी म्युझियमं बंद असतात, शीटमध्ये लाल रंगाने लिहा.

शेवगा:
+१ मोन्सेरात. आणि एक मजा करा, जाताना घरातल्या शब्दांची यादी घेऊन जा. पाव, बटाटा, चावी, काजू, अननस, परात, फीत, लिलाव, पाद्री, पगार सगळं पोर्तुगीज. माझ्या बायकोने रिसेप्शनवर वैतागून मराठीत "अहो चावी कुठंय चावी" म्हटलं आणि त्या माणसाने शांतपणे किल्ली काढून दिली.

गोडलिंब:
परत आलो!! जेट लॅग, शाळा, कपड्यांचे ढीग, त्यामुळे उशीर झाला लिहायला. जमेल तसं लिहिते, क्रमाने नाही.
पोर्तोपासून सुरू करते कारण बाबा शेजारी बसलेत. साओ बेंतो स्टेशनच्या हॉलमध्ये वीस हजारांवर टाइल्स आहेत, लढाया, राजे, खेड्यातली जत्रा, सगळे मान वर करून फोटो काढत होते आणि बाबा गायब. शोधलं तर प्लॅटफॉर्मच्या टोकाला वाकून रूळ बघत होते. म्हणाले, ही आपलीच ब्रॉडगेज. मी म्हटलं असेल. तर नाही, घरी आल्यावर कागद काढून दाखवला, आपली १६७६ मिलिमीटर आणि यांची १६६८. "आठ मिलिमीटरने चुकले," हे आता येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात. डोरो नदीच्या काठाने पिन्यांवला गेलो तो दिवस त्यांचा सगळ्यात आवडता (जाताना उजवीकडे बसा, नदी त्या बाजूला). डोंगर कापून केलेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या द्राक्षबागा, स्टेशनवरही द्राक्षतोडणीच्या टाइल्स, आणि परतीच्या गाडीपर्यंत काही करायचं नव्हतं म्हणून नदीकाठी बसून राहिलो. एक्सेलमध्ये त्या तीन तासांना कुठलाच रंग नव्हता.
मग ब्रागा शहराजवळचं बों जेझुश चर्च. गोव्यातलं बॉम जीझस माहीत होतं, हे डोंगरावरचं. पुढे नागमोडी शेकडो पायऱ्या, पण शेजारून १८८२ सालची रेल्वे आहे जी पाण्यावर चालते. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरतात, तो जड होऊन खाली येतो आणि खालच्याला वर ओढतो, इंजिन नाही, वीज नाही. आई (सासूबाई) आणि मी त्यातून गेलो, बाबा हट्टाने पायऱ्या चढले आणि वर येऊन दहा मिनिटं बोलले नाहीत, हा एक विक्रमच.

शेवगा:
जेवणाचं लिहा!!

गोडलिंब:
लिहिते. आईंनी लिस्बनच्या मोरारियातल्या दुकानांतून तुरीची डाळ, कणीक आणि चक्क कढीपत्ता मिळवला आणि सात दिवस किचन ताब्यात घेतलं. भाजणी अर्धी परत आली. बाहेर सूप, ब्रेड, चीज, टोमॅटो. टोमॅटोला चव असते हे मी विसरले होते. १२ च्या रात्री मात्र पंचाईत, सांतु आन्तोनियूची जत्रा, लिस्बनचा जुना भाग आल्फामा, तो अख्खा सार्डिन मासे भाजत होता, गल्लीगल्लीत शेगड्या, धूर, कागदी माळा, आणि आई नाकाला पदर लावून. मी म्हटलं घरी जाऊ या, तर त्या एका कोपऱ्यावर थांबल्या. तिथे एक आजी छोट्या कुंड्या विकत होती, हुबेहूब तुळस, पण पानं बारीक आणि गोल गुबगुबीत आकार. मान्जेरिकु म्हणतात, जत्रेला आवडत्या माणसाला द्यायची असते, त्यात कागदाचं फूल आणि दोन ओळींची कविता खोचलेली. आई वास घ्यायला वाकल्या तर ती आजी नाही नाही करत आली, आपला तळवा पानांवर ठेवला आणि मग स्वतःचा तळवा हुंगून दाखवला. नाक थेट लावायचं नाही, झाड कोमेजतं म्हणे. आई मला म्हणाल्या, बघ, इथेही सोवळं आहे. कुंडी घेतली, विमानात नेता येणार नाही म्हणून काजूबोंडूंना दिली.
आणि हो, १० ला वटपौर्णिमा होती! मी विसरले होते, त्या नाही. बोटॅनिकल गार्डनमध्ये प्रचंड मोठं फायकसचं झाड आहे, मुळं अशी की लेक त्यात लपली तर दिसेना. ऑस्ट्रेलियाचं, पण वडाच्याच कुळातलं, हे नवऱ्याने फोनवर शोधून दिल्यावर आईंनी मान्यता दिली. दोरा नाही बांधला, वॉचमन बघत होता. हात जोडले आणि पाच फळांऐवजी पाच चेरी.

वसईकर_बुरुज:
कॅथरीनला भेटलात?

गोडलिंब:
भेटलो. लेकीने विचारलं, मग आता मुंबई परत मागायची का हिच्याकडे. गेंडाही सापडला, झिजलाय खूप, आधी सांगितलं नसतं तर गाढव वाटला असता. टॉवर बाहेरूनच बघितला. साओ दोमिंगुशला गेलो. तुम्ही म्हणालात ते खरंय, आत गेल्यावर लेकपण कुजबुजत बोलत होती.

चष्मिष्ट:
आणि पेनिश?

गोडलिंब:
त्याचंच लिहायचं राहिलं होतं, जरा टाळत होते.
बाहेर झणझणीत ऊन, गावात सर्फिंगवाली पोरं, आइस्क्रीम, आणि किल्ल्यात शिरलं की समुद्राचा आवाज भिंतीतून येतो. भेटीची खोली आहे, कैदी आणि घरचे यांच्यात काच, आणि पहारेकरी मध्ये. एका भिंतीवर कैद्यांची नावं आहेत, हजारोंनी. बाबा चष्मा पुसून पुसून वाचत राहिले, आम्ही सगळे बाहेर ओट्यावर बसलो, तासभर. काय शोधत होते ते विचारलं नाही.
शेवटच्या दिवशी कश्कायशला निघालो. लेक डावीकडे समुद्राच्या खिडकीशी. बाबा उजवीकडे बसले आणि काशियाश आलं तेव्हा उभे राहिले. गाडी थांबली असेल अर्धा मिनिट. शेजारच्या पोर्तुगीज बाईला वाटलं त्यांना उतरायचंय, तिने पाय आवरून वाट करून दिली. बाबा तिला "नो नो, थँक यू" म्हणाले आणि गाडी सुटल्यावर बसले.

पेठी_पुणेरी:
त्यांना माझा नमस्कार सांगा.

निळी_फरशी:
नमस्कार, नवीन सभासद. सप्टेंबरमध्ये जातोय, सगळा धागा एका दमात वाचला. एकच शंका, तिथे प्रत्येक कॅफेत सामोसा दिसतो असं ऐकलं, तो व्हेज असतो का?

काजूबोंडू:
शामुसा. गोव्यातून आणि मोझांबिकमधून आलेल्या आपल्या लोकांनी आणला, आता इथलाच झालाय. बहुतेक वेळा आत बीफ किंवा चिकन, "लेगुमेश" (भाज्या) लिहिलेला असेल तरच घ्या.
सप्टेंबर छान आहे, गर्दी ओसरते, डोरोला द्राक्षतोडणी सुरू असते. कुंडी अजून जिवंत आहे ताई, आईंना सांगा, तळव्यानेच वास घेतो. त्यांनी दिलेलं मेतकूट मात्र संपलं. निळी फरशी, तुमच्या बॅगेत जागा किती आहे?